बोटांतून आलेलं इंग्रजी

“हळू वाच. इथे वाचणारी मी आहे, तू नाहीस.”

इंदुताई सामंत माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी कॉव्हेंट्रीला येऊन तेव्हा चार महिने झाले होते. नवरा सॉफ्टवेअरच्या व्हिसावर आलेला, मी त्याच्या मागोमाग, आणि दिवसभर घरात बसून हीटिंगच्या पाइपांचे आवाज ऐकायचा कंटाळा आला म्हणून लायब्ररीतल्या बोर्डावरचं कार्ड बघून नोकरीला गेले. कालव्याजवळच्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत सहा माणसांचं छोटं ऑफिस होतं. बँकांची पत्रं, हॉस्पिटलची माहितीपत्रकं, शाळेची पुस्तकं असं सगळं तिथे ब्रेलमध्ये उतरवून दिलं जायचं. तयार झालेलं ब्रेल इंदुताई बोटांनी तपासायच्या, आणि समोर बसून मूळ छापील मजकूर मोठ्याने वाचायचा, स्वल्पविरामासकट, हे माझं काम.

पहिल्याच पानावर मी “कॅपिटल डी, डिअर” अशी सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. “कॅपिटल म्हणू नकोस. आमच्यात ते नसतं.” त्या वेळी तिथल्या रोजच्या ब्रेलमध्ये मोठी अक्षरं बहुतेक वापरतच नसत. वाक्य असो की राणीचं नाव, सगळं एकाच मापाचं. इंदुताईंना ते फार आवडायचं.

तेव्हा त्या साठीच्या जवळ आल्या होत्या. ऑफिसला पँट आणि जाडसर स्वेटर, मागे सुपारीएवढा अंबाडा. हातात अंगठी नाही, बांगडी नाही, हँडक्रीम नाही. क्रीमने बोट घसरतं म्हणायच्या. बाकीच्या बायका दागिना जपतात तसं त्या डाव्या तर्जनीचं टोक जपायच्या. मिरची चिरायची तर उजव्या हाताने आणि ग्लोव्ह घालून. फुलका भाजताना डावा हात पाठीमागे, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखा. सामंतकाका हयात होते तेव्हा म्हणे पाहुण्यांना सांगायचे की माझ्या बायकोचा एक हात स्वयंपाकाचा आणि एक इंग्रजीचा.

त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या. बाविसाव्या वर्षी लग्न करून इथे आल्या. काका मोटारींच्या कारखान्यात होते. शाळेत मॅट्रिकपुरतं इंग्रजी झालेलं, तेवढ्यावर दुकानात दूध-ब्रेड मागता यायचा. मुलगी मेघना सहा वर्षांची असताना ताईंच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालल्याचं कळलं, आणि चौतिसाव्या वर्षी उरलासुरला उजेडही गेला. पुढचं एक वर्ष त्या खुर्चीत बसून होत्या, असं त्यांनी मला एकदाच, अर्ध्या वाक्यात सांगितलं. मग कौन्सिलने एक बाई घरी पाठवली. ती ब्रेल शिकवायची, अर्थात इंग्रजी ब्रेल. तिला मराठीचा गंध नव्हता आणि ताईंना धड इंग्रजी येत नव्हतं. दोघी आठवड्यातून दोनदा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या आणि एकाच वेळी लिपीही चालायची आणि भाषाही.

“लोकांना इंग्रजी कानातून येतं,” त्या म्हणायच्या, “मला बोटांतून आलं.”

इथे ब्रेलबद्दल थोडं सांगायला हवं. सहा ठिपक्यांचं एकेक घर असतं आणि एका घरात एक अक्षर बसतं. पण असं सुटं सुटं लिहिलं तर पुस्तकं भयंकर जाड होतात, म्हणून इंग्रजी ब्रेलमध्ये आखूड खुणा आहेत. ‘टू’, ‘बाय’, ‘इनटू’ हे शब्द एखाद्या खुणेत संपतात आणि पुढच्या शब्दाला चिकटून येतात. शब्दाच्या शेवटचं ‘-एशन’ दोन घरांत मावतं. एकापुढे एक आलेल्या दोन ‘डी’ना मिळून एकच खूण. ताईंनी इंग्रजी शिकलं ते ह्याच आखूड रूपात. मेघना एकदा शाळेच्या स्पेलिंगची तयारी करत होती आणि आईला म्हणाली, स्टेशनचं स्पेलिंग विचार. ताईंच्या बोटाखाली ते तीनच घरांचं होतं, ‘एसटी’ला एक आणि ‘-एशन’ला दोन. त्यात अक्षरं सात असतात हे त्यांना त्या दिवशी पोरीकडून कळलं. “सात कशाला लागतात?” त्यांनी मेघनाला विचारलं होतं म्हणे, अगदी मनापासून.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ब्रेलच्या पट्ट्या होत्या. मराठी ब्रेल त्या कधी शिकल्या नाहीत. मराठी शब्द इंग्रजी खुणांनीच लिहायच्या. एकदा मला जेवायला बोलावलं होतं तेव्हा त्यांनी एक बरणी माझ्या हातात दिली आणि पट्टीवरून माझं बोट फिरवलं. इंग्रजीत ‘सीएच’ला एक खूण आहे, ‘इन’ला एक खूण आहे. “सीएच, इन, सीएच,” त्या म्हणाल्या. “चिंच. तीन घरांत. जगात एवढी आटोपशीर चिंच दुसरी कुठे मिळायची नाही.” जिऱ्याला आणि धन्यांना मात्र इंग्रजीने काही मदत केली नव्हती, ह्याचा त्यांना थोडा राग होता.

मेघना तेव्हा स्लाऊला नोकरी करत होती आणि शनिवार-रविवार आईकडे यायची. तिचं मराठी इथल्या मुलांचं. “आई, तुझा काठी कुठे ठेवला?” असं ती म्हणायची आणि ताई शांतपणे “तुझी, ठेवली” असं दुरुस्त करून काठी घ्यायच्या. तपासणं त्यांच्या अंगातच भिनलेलं होतं. माझ्या बोलण्यातलेही इंग्रजी शब्द त्या पकडायच्या, पण ते पुसायला सांगायच्या नाहीत. फक्त “हं, ऐकलं मी,” म्हणायच्या.

मी रुजू झाले त्याच सुमाराला ऑफिसात एका नव्या ब्रेलची चर्चा सुरू झाली होती. इंग्रजी बोलणाऱ्या सगळ्या देशांसाठी एकच ब्रेल करायचं, असा घाट होता. तोवर अमेरिकेचं ब्रेल थोडं निराळं, ब्रिटनचं निराळं. त्यातही साध्या वाचनाचं एक, गणिताचं एक, कॉम्प्युटरच्या मजकुराचं आणखी एक. ते सगळं एकत्र आणायचं म्हणजे काही गोष्टी सोडाव्या लागणार होत्या. घोटाळा करणाऱ्या आखूड खुणा जाणार, ‘टू’ आणि ‘बाय’ अक्षरं सुटी करून लिहावे लागणार, ‘-एशन’ची आणि दोन ‘डी’ची खूण जाणार, आणि मोठ्या अक्षरांआधी एक ठिपका येणार. इतर काही देशांनी ते घेतलंही होतं. ब्रिटनमध्ये मात्र वाद पेटला होता. ऑफिसाऑफिसांतून, वाचकांच्या मंडळांतून मतं मागवली जात होती. आमची मॅनेजर मार्गारेट, स्वतः डोळस पण तीस वर्षं ह्या कामात मुरलेली, नव्याच्या बाजूची होती. इंदुताई विरोधात होत्या.

साध्या विरोधात नव्हत्या, कडाडून विरोधात होत्या. पहिल्या बैठकीत मार्गारेटने सगळ्यांना नव्या ब्रेलचे नमुन्याचे कागद वाटले. ताईंनी अर्धं पान वाचलं आणि कागद टेबलावर पालथा ठेवला. दर नावापुढचा तो ठिपका त्यांना भातातल्या खड्यासारखा लागत होता, असं त्या मला नंतर म्हणाल्या. बैठकीत त्या इंग्रजीतून बोलल्या, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. पुस्तकं आणखी जाड होतील, म्हाताऱ्या वाचकांची बोटं पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसतील, आणि हे सगळं कुणासाठी, तर कॉम्प्युटरला सोपं जावं म्हणून. मार्गारेटने सांगून पाहिलं की अमेरिकेतली पुस्तकं मग थेट वाचता येतील. ताई म्हणाल्या, मी आताही वाचते, त्यांच्या चुका काढत.

बैठकीनंतर चहा करताना त्या माझ्याशी मराठीत बोलल्या. आवाज उतरलेला होता. “वैशाली, तुला सांगते, मला हे एकदाच जमलं. आंधळी झाल्यावर सगळं नव्याने शिकले. पुन्हा नाही गं जमायचं.”

मग ते पत्राचं प्रकरण झालं.

जवळच्याच नॅनीटन गावची एक सतरा वर्षांची मुलगी होती, हॅना नावाची, जन्मापासून न दिसणारी. गणितात हुशार. केंब्रिजला उन्हाळ्यात शाळेच्या मुलांसाठी गणिताचा आठवडाभराचा कोर्स होता, त्याला तिची निवड झाली. निवडीचं पत्र तिला ब्रेलमध्ये मिळावं म्हणून शाळेने ते आमच्याकडे पाठवलं. येणार असल्याचं अमुक तारखेच्या आत ईमेलने कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं त्यात होतं. खाली एका बाईंचा ईमेल पत्ता होता. पत्त्याचा पहिला भाग त्यांच्या आद्याक्षरांचा, एम, ए, मग टिंब, मग वाय. मी वाचलं, ताईंनी बोट फिरवलं, “बरोबर” म्हणाल्या, आणि पत्र गेलं.

तीन आठवड्यांनी शाळेतून फोन आला. तुम्ही पत्ता चुकीचा दिलात, मुलीची मेल पोचलीच नाही, जागा गेली. मार्गारेटने फाइलमधली प्रत काढून ताईंपुढे ठेवली. ताईंनी ती वाचली, मी मूळ कागद वाचला. अक्षरन् अक्षर जुळत होतं. ब्रेलमध्ये पत्ता सुरू होतो हे सांगायची एक खूण असते, तीही जागच्या जागी होती. मग ताईंनी स्वतः शाळेला फोन लावला आणि कडक आवाजात सांगितलं की पत्रात चूक नाही, मुलीला ती खूण तुम्ही शिकवली नसेल तर तो तुमचा दोष.

फोन ठेवून त्या पुढच्या कामाला लागल्या. बँकेचं कसलंसं पत्रक होतं. चौथ्या-पाचव्या ओळीला त्यांनी मला थांबवलं आणि ती हॅनाची प्रत पुन्हा मागितली. ह्या वेळी मला वाचायला सांगितलं नाही. पत्त्याच्या ओळीवरून त्यांचं बोट गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. सांगितलं ना, दोन ‘डी’ना मिळून एक खूण असते. शब्दांच्या मधोमध येणारी ती खूण आणि पूर्णविरामाचं टिंब ही बोटाला तंतोतंत सारखी आहेत. वाक्याच्या शेवटी आली तर टिंब, शब्दाच्या पोटात आली तर दोन ‘डी’.

“एम, ए, दोन डी, वाय. मॅडी,” ताई म्हणाल्या. “हे मॅडी आहे गं. पोरीने बरोबर वाचलं.”

मी म्हटलं, पण आपणही बरोबरच लिहिलं होतं.

“तेच तर.”

त्या दिवशी त्यांनी आणखी काही तपासलं नाही. कुणाची चूक असती तर त्यांना सोसली असती, स्वतःची असती तरीही. पण पत्र बरोबर, वाचणारी बरोबर, आणि मुलगी घरी बसलेली, ह्याचं काय करायचं हे त्यांना कळेना. शनिवारी मेघना आली तेव्हा त्यांनी तिला गाडी काढायला लावली आणि मलाही बरोबर घेतलं. शाळेमार्फत मुलीच्या घरी आधी कळवून परवानगी घेतली होती, पण आपण नॅनीटनला जातोय हे मार्गारेटला मात्र त्यांनी सोमवारपर्यंत सांगितलं नाही.

हॅनाच्या आईने दार उघडलं. बाई जरा घुश्श्यातच होत्या, पण ताईंची काठी पाहून बाजूला झाल्या. मुलगी उंच, शांत, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली. ताईंनी तिला सांगितलं की मी ते पत्र तपासणारी. माफी मागितली. हॅनाला वाटलं असावं की आपल्यालाच धीर द्यायला हवा, कारण ती पटकन म्हणाली की ठीक आहे, पुढच्या वर्षी परत अर्ज करीन. मेल परत आल्याचा निरोप आला होता म्हणे, पण तिच्या कॉम्प्युटरच्या आवाजाने तो एवढा लांबलचक आणि अगम्य वाचला की तिने तो रद्दी समजून पुसून टाकला. मग ती म्हणाली, “मला वाटलं, मॅडी म्हणजे कुणीतरी छान असेल. मी तिला जरा मोठं पत्र लिहिलं होतं. माझ्याबद्दल.”

ताईंनी तिला शाळेतल्या वाचनाबद्दल विचारलं. हॅना म्हणाली, गणिताचं पान वेगळं, कॉम्प्युटरचं वेगळं, गोष्टीचं वेगळं, आणि परीक्षेच्या एकाच पेपरात कधी तिन्ही येतात. “पान हातात आलं की मी आधी त्याला विचारते, तू कुठल्यातलं आहेस.” हे सांगताना ती हसली. तिच्या दृष्टीने त्यात विशेष काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर मेघना म्हणाली, “आई, तू इतका गप्प का आहे?” ताईंनी तिला दुरुस्त केलं नाही.

महिनाभरात मत पाठवायची बैठक आली. एकेकाने बोलायचं होतं आणि मार्गारेट लिहून घेत होती. मार्गारेट धरून दोघं नव्याच्या बाजूचे, दोघं विरोधात. ताई शेवटी बोलणार होत्या, आणि त्या काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मार्गारेटने तर कागदावर ‘नाही’ लिहायला सुरुवातही केली होती, हे मी शेजारी बसून पाहत होते.

ताई म्हणाल्या, “मला ते आवडत नाही. पुढेही आवडणार नाही. माझ्या बाजूने ‘हो’ लिही.”

मार्गारेटने पेन थांबवून कारण विचारलं. ताईंनी हॅनाचं नाव घेतलं नाही, पत्राचं काढलं नाही. एवढंच म्हणाल्या की मी ब्रेल शिकले तेव्हा ते माझ्यासाठी कुणीतरी सोपं करून ठेवलं होतं. ज्यांनी केलं त्यांच्याही बोटांना जुनं काहीतरी सोडावं लागलं असेल. मग आपला नमुन्याचा कागद घडी न घालता पिशवीत ठेवला आणि चहा टाकायला उठल्या. विरोधातल्या दोघांपैकी एकाने त्यांच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं. ताईंनी ते मनावर घेतलं नाही असं नाही. रोज सकाळी त्याच्या टेबलापाशी थांबून त्या ‘गुड मॉर्निंग’ म्हणायच्या आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायच्या.

गंमत अशी की आमच्या ऑफिसचं मत गेलं, आणखी शेकडो मतं गेली असतील, आणि वरून उत्तर आलं की घाई नको, अजून विचार चालू आहे. असा तो विचार पुढे कितीतरी दिवस चालूच राहिला. ज्या इंदुताईंनी बदल नको म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं, त्याच आता बदल का होत नाही म्हणून चिडायच्या. मला पत्रं सांगायच्या, मी टाइप करायचे. एका पत्राच्या शेवटी त्यांनी घालायला लावलं होतं की माझं वय वाढतंय, शिकायचं असेल तर लवकर कळवा. मार्गारेटने ते वाक्य काढावं असं सुचवलं. ताई म्हणाल्या, तेच एक वाक्य खरं आहे.

उत्तराची वाट न बघता त्या शिकायला लागल्या. सुरुवातीचे दिवस वाईट होते. एरवी जे पान त्या मी वाचेन तसं सहज पुढे नेत, त्यावर अडखळायच्या. ‘टू’ सुटा आला की बोट थांबायचं, ठिपका आला की ओठ आवळायचे. जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात पाठ करून बसायच्या, कुणी पाहू नये म्हणून. एकदा मी जवळ गेले तर म्हणाल्या, “खुर्चीतल्या वर्षासारखं वाटतं गं.” पण दुसऱ्या दिवशी सुट्टीत त्या पुन्हा तिथेच होत्या.

हॅनाला पुढच्या वर्षी कोर्सला जागा मिळाली. ह्या वेळी पत्र तपासताना ताईंनी मला पत्त्याची ओळ चार वेळा वाचायला लावली आणि खाली नियमात नसलेली एक ओळ घालायला लावली, की पत्त्यातलं टिंब हे टिंबच आहे. मार्गारेटने ते पाहिलं आणि सोडून दिलं. कोर्सहून आल्यावर हॅनाचं ताईंना ब्रेलमध्ये पत्र आलं. काय होतं त्यात ते मला कळलं नाही, कारण ते त्यांनी मला वाचायला दिलंच नाही. दिलं असतं तरी मला ते वाचता आलं नसतं.

त्यानंतर वर्षभराने माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही कॉव्हेंट्री सोडायचं ठरलं. माझा ऑफिसातला शेवटचा दिवस मंगळवार होता. मंगळवारी दुपारी ताईंनी ओळखीच्या म्हाताऱ्या वाचकांना बोलवायला सुरुवात केली होती. नवीन ब्रेल येईल तेव्हा येईल, बोटांना सवय असू दे, म्हणून. शिकवणी म्हटलं तर कुणी आलं नसतं. केक आणि चहा आहे असं सांगून बोलवायच्या.

मी सगळ्यांचा निरोप घेऊन, कोट घालून त्यांच्या खोलीच्या दारापाशी गेले. दार अर्धवट उघडं होतं. आत चारपाच जण कागदांवर वाकून बसले होते. ताईंच्या शेजारी हॅरल्ड नावाचे गृहस्थ होते, ऐंशीच्या घरातले, युद्धात डोळे गेलेले. ताईंनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला होता आणि दोघांची बोटं मिळून ओळीवरून सरकत होती, मग थांबली. हॅरल्डनी हात काढून घेतला आणि कागद पुढे ढकलला.

“इंदू, हे शिकायचं माझं वय नाही गं आता.”

“माझंही नाही,” ताई म्हणाल्या. त्यांचा हात टेबलावर चाचपडत हॅरल्डच्या हातापर्यंत गेला आणि त्यांनी तो पुन्हा कागदावर आणून ठेवला. “पुढची ओळ.”

मी आत गेले नाही.